विहिरीवरचं लाकूड

खरड, चंदीगडजवळ
७ ऑगस्ट २०२४

ती. देवदत्त काकाजी यांस,
आसावरीचा नमस्कार.

पाकिटावरचं नाव वाचून तुम्ही पत्र बराच वेळ हातात धरून बसला असाल. मी तुमच्या दादाची, शशिकांतची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुमचं दिवाळीचं कार्ड अमरावतीच्या पत्त्यावर दर वर्षी येतं आणि हेरंबमामा ते मला पाठवतो. आम्ही कधी उत्तर दिलं नाही. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. आरागिरणीच्या आवाजानं तुमचे कान गेले, फोनवर काहीच कळत नाही, असंही मामाच म्हणाला. म्हणून हे पत्र.

मी सेक्टर बत्तीसच्या मेडिकल कॉलेजात शिकवते. यजमान प्रसन्न हवाईदलात आहेत, सध्या आसामात. मी, मुलगी हिमानी आणि आई अशा आम्ही तिघी खरडला एका बैठ्या घरात राहतो. घरामागे मोठं अंगण आहे, आणि आईसाठी मी कोंबड्या पाळल्या आहेत.

त्यांना दिवसभर मोकळं फिरता यावं म्हणून गेल्या वर्षी लाकडी खांब रोवून, जाळी ठोकून एक आवार करून घेतलं होतं. एका पावसाळ्यात खांब जमिनीलगत कुजले. आता नवीन करायचं आहे. उन्हापावसात, मातीत, वाळवीत टिकेल असं लाकूड कोणतं? इथले दुकानदार ज्याचा ढीग जास्त त्याचं नाव घेतात.

तुम्हाला विचारायचं आईनंच सुचवलं. म्हणाली, "लाकूड घ्यायचं तर देवदत्तला विचार. त्याच्यासारखी पारख कुणाला नाही."

आई बरी आहे.

आपली,
आसावरी

—

मूल, जि. चंद्रपूर
१९ ऑगस्ट २०२४

चि. आसावरीस,
काकाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर दादासारखं आहे, विशेषतः 'श'.

लाकूड वापरू नको. लोखंडी पाइप घे, गॅल्व्हनाइज्ड, दीड इंची. तळाशी सिमेंट. पंचवीस वर्षं बघावं लागणार नाही. मी जन्मभर लाकूड विकलं, तरी हेच सांगेन.

वहिनी ते वाक्य कशावरून बोलली? आधी काय बोलणं चाललं होतं? हसून बोलली की कशी? आणखी कोणी ऐकलं का? जमलं तर कळव. न जमलं तरी चालेल.

गिरणी आता मुलगा अपूर्व बघतो. मी नुसता बसून असतो.

देवदत्त

—

खरड
२ सप्टेंबर २०२४

ती. काकाजी यांस,
नमस्कार.

खरं सांगू? तुमचं पत्र वाचून थोडा राग आला. एवढ्या वर्षांनी मी एक गोष्ट विचारली आणि तुम्ही ती चार ओळींत लोखंडावर ढकललीत. मग वाटलं, मी तरी कुठं सगळं लिहिलं होतं. आई बरी आहे असं लिहिलं, ते खरं नव्हतं.

तिला तीन वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, हिमानीला कधीकधी माझ्याच नावानं हाक मारते. पण मूलचं घर, शेत, विहीर यातलं काहीच विसरलेली नाही. उलट ते दिवसेंदिवस जवळ येत चाललंय. काहीतरी जिवंत हाताखाली असू द्या, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून कोंबड्या आणल्या. तिला खूप बरं वाटलं. सकाळी दाणे टाकायची, मोजायची, अंडी पदरात घेऊन यायची.

लोखंडी पाइप मी आधीच लावून पाहिले होते. इथं मे महिन्यात आंधी येते. पाइपच्या उघड्या तोंडांवरून वारा गेला की बारीक कुईकुई आवाज निघायचा. आई म्हणाली, "रहाट कोण ओढतंय?" आणि हात जोडून तिथंच उभी राहिली, वाऱ्यात, धुळीत. आत येईना. दुसऱ्या दिवशी मी पाइप काढून टाकले.

मग पॉपलरचे खांब लावले. ते कुजले, जाळी सैल झाली आणि जुलैत मुंगूस शिरलं. सहातल्या तीन कोंबड्या मारल्या. आई पिसं गोळा करत होती. मी म्हटलं, "आई, मुंगूस होतं." ती म्हणाली, "नाही गं. मी हात लावला होता. माझ्या विटाळानं गेल्या."

बहात्तर वर्षांची बाई, काकाजी. तेव्हापासून ती महिन्यातले तीन दिवस बोटांवर मोजून बाजूला बसते. स्वयंपाकघरात येत नाही. ताट लांबून सरकवायला लावते.

अंगणाच्या कोपऱ्यात बोअर आहे, वर लोखंडी झाकण. रोज दिवेलागणीला आई तिथं सात खडे मांडते, त्यांना कुंकू लावते आणि काहीतरी पुटपुटते. परवा हिमानी आत धावत आली आणि विचारायला लागली, "मम्मा, नानी किससे माफ़ी माँग रही है?" तिला मराठी समजतं, म्हणून घाबरली होती. मी जवळ जाऊन ऐकलं. "बायांनो, एकदा चुकले. पोरीला ताप होता म्हणून पाणी काढलं. आता कोणाला नेऊ नका."

साती आसरा. विहिरीतल्या. बाबांना त्यांनी ओढून नेलं असं गावानं म्हटलं, आणि आजीनं आईला तेराव्यानंतर माहेरी पाठवलं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता आणखी एकही कोंबडी मरता कामा नये. म्हणून विचारते, कुजणार नाही असं लाकूड सांगा.

ते वाक्य आई दाणे निवडताना सहज बोलली. हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती.

आसावरी

—

मूल
१४ सप्टेंबर २०२४

चि. आसावरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीन दिवस वाचत होतो. मागच्या उत्तराची माफी. आता नीट सांगतो.

पॉपलर हे खोक्यांचं आणि आगपेट्यांचं लाकूड. जमिनीला टेकलं की संपलं. सफेदा, म्हणजे आपली निलगिरी, तीही घेऊ नको, वाळता वाळता पिळते आणि जाळीचे खिळे उपटून टाकते. तुमच्याकडे सागवान दुरून येतं, त्यापेक्षा शिसव बघ. तिकडे त्याला टाहली म्हणतात. किंवा देवदार. देवदारात तेल असतं, वाळवी सहसा तोंड लावत नाही.

पण लाकडाचं नाव विचारून काही होत नाही. कोणत्याही झाडाचं आतलं लाकूड टिकतं, सालीखालचं पांढरं टिकत नाही. सागाचंही नाही. लोक 'साग आहे' म्हणून डोळे मिटून घेतात आणि पांढरं घरी नेतात. म्हणून प्रत्येक खांब टोकाकडून बघायचा. मधला गर्द भाग म्हणजे गाभा. कडेला फिका पट्टा दिसला तर तो तासून काढायला सांग, आणि अर्ध्याहून जास्त फिका असेल तर खांबच नको म्हण. कापून सहा महिने तरी झालेले असू देत. उचलून बघ, ओलं लाकूड मापापेक्षा जड लागतं.

खांब मातीत पुरू नको. दगडावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर, लोखंडी पट्टीत उभा कर, मातीपासून चार बोटं वर. वरचं टोक तिरकं काप, म्हणजे पाणी निथळेल. टोकांना जवसाचं तेल तीन वेळा पाज. जळकं ऑइल नको, कोंबड्या चोच मारतात.

आणि डांबर लावू नको. कोणी कितीही सांगितलं तरी नको. डांबरानं कच्चं लाकूड पक्कं होत नाही. ते फक्त आतलं झाकतं. वरून काळंभोर, ठणठणीत दिसतं, आणि आत

हे पत्र काल इथं थांबवलं होतं. आज पुरं करतो.

वहिनीला सांग, असं मनाला लावून घेऊ नये. झालं ते होणार होतं. आसरांचं मी इथं दर वर्षी भाद्रपदाच्या अवसेला करतो. हिरवे खण, बांगड्या, दहीभात. एकही वर्ष चुकलेलं नाही. तिनं काळजी करू नये.

देवदत्त

—

खरड
२९ सप्टेंबर २०२४

ती. काकाजी यांस,

लाकूड आणलं. सेक्टर सव्वीसच्या टिंबर मार्केटमध्ये अर्धा दिवस हिंडले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे एकेक खांब टोकाकडून बघितला, तेव्हा दुकानाचे सरदारजी हसून म्हणाले, "मॅडम जी, आपको किसी पुराने आदमी ने सिखाया है." टाहलीचे अकरा खांब आहेत. गाभा चॉकलेटी, त्यात काळ्या रेघा. दोन परत केले, त्यांत फिका पट्टा जास्त होता.

ते दोन मी हातात घेऊन फिका भाग नखानं दाबून बघत होते आणि मला एकदम काहीतरी आठवलं. म्हणून हे पत्र.

विहिरीवरच्या दोन तुळया काळ्या होत्या. त्यांवर फळ्या होत्या, फळ्यांवर मोटर. बाबा गेल्यावर मोडलेल्या तुळईची एक ढलपी अंगणात पडली होती, माझ्या हाताएवढी. घरात सगळे रडत होते, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी तुळशीमागे बसून त्या ढलपीशी खेळत होते. बाहेरून काळी होती. आतून पांढरी, ओल्या खोबऱ्यासारखी. बोट दाबलं की आत जायचं. मला ते आवडलं होतं, म्हणून मी ती फ्रॉकच्या खिशात ठेवली आणि आजोळी जाताना आईनं खिसे झाडले तेव्हा ती एसटीच्या खिडकीतून टाकून दिली.

एकतीस वर्षांत मला हे एकदाही आठवलं नव्हतं.

काकाजी, तुमचं पत्र 'आणि आत' इथं तुटलं आहे. मी ते पन्नास वेळा वाचलं. आत काय असतं?

विहिरीच्या तुळया कुणी निवडल्या होत्या?

खांब अंगणात ताडपत्रीखाली ठेवले आहेत. उत्तर येईपर्यंत मी ते उभे करणार नाही. तोवर तिन्ही कोंबड्या मागच्या व्हरांड्यात राहतील.

आसावरी

—

मूल
२४ नोव्हेंबर २०२४

आसावरी,

दिवाळी गेली. या वर्षी कार्ड टाकलं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय 'सर्व कुशल' लिहिता येईना.

तुळया मी निवडल्या.

१९९० च्या उन्हाळ्यात दादा माझ्या लाकडाच्या डेपोत आला. म्हणाला, "देवा, विहिरीवर मोटर बसवतोय. दोन चांगल्या तुळया दे." माझ्याकडे तेव्हा सागाच्या दोन सुरेख तुळया होत्या, आलापल्लीच्या जंगलातल्या, नुसता गाभा. पण मी नवीन घर बांधत होतो आणि त्या माझ्या दाराच्या चौकटीसाठी मनात धरल्या होत्या. दादाला मी दुसऱ्या दिल्या. तोही साग होता, पण कोवळ्या झाडाचा, तीन हिस्से पांढरा. मला बघताक्षणी कळलं होतं. कळणारच. लोक मला पारखीसाठीच ओळखायचे.

मी स्वतः त्यांना डांबर फासलं. दादानं काही विचारू नये म्हणून, आणि मला स्वतःला ते पांढरं दिसू नये म्हणूनही. मनाशी म्हटलं, पावसाळा झाला की बदलून देऊ. मग पुढच्या वर्षी म्हटलं. मग विसरलो. असे तीन पावसाळे गेले.

मोटर बंद पडली म्हणून दादा तुळईवर उतरला तेव्हा मी बांधावर उभा होतो. तोंडात सुपारी होती. कडकड असा मोठा आवाज झाला नाही. ओली काकडी मोडावी तसा झाला. आता माझ्या कानांना फारसं ऐकू येत नाही, पण तो आवाज येतो. बहुतेक सकाळी, दाढी करताना.

दादाला वर काढलं आणि विहिरीभोवती गाव जमलं. कोणीतरी म्हणालं, आसरांनी ओढला. माझ्या आईनं लगेच विचारलं, "सकाळी विहिरीवर कोण गेलं होतं?" वहिनी म्हणाली, "मी." गडी आला नव्हता, तुला ताप होता, पाणी हवं होतं. तिला खोटं बोलता आलं असतं. "आणि तू बाहेरची होतीस ना?" आईनं विचारलं. वहिनी म्हणाली, "हो."

तेव्हा मोडलेल्या तुळईचं टोक माझ्या हातात होतं, आसावरी. मी तिथं होतो. 'आई, लाकूड कच्चं होतं, मी दिलं होतं.' एवढंच बोलायचं होतं. मी टोक पाठीमागे धरलं.

संध्याकाळी दोन्ही तुकडे भट्टीत घातले. एक ढलपी तुझ्या खिशात राहिली हे मला ठाऊक नव्हतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, वहिनीला सगळं समजलंय आणि ती टोमणा मारतेय. तसं असतं तर बरं झालं असतं. तिला माझ्या पारखीवर अजून विश्वास आहे, हे कळल्यावर मला जेवण गेलं नाही.

ज्यांनी काही केलं नाही त्या सात बायांना मी एकतीस वर्षं खण-बांगड्या वाहतोय. आणि ज्या चौकटीसाठी हे केलं तिच्यातून रोज ये-जा करतोय. तिला अजून एक भेगही गेलेली नाही.

हे वहिनीला वाचून दाखव. तिला समजत असताना वाचून दाखव. मला काय करायचं ते नंतर ठरव.

देवदत्त

—

खरड
९ डिसेंबर २०२४

काकाजी,

नमस्कार लिहावासा वाटत नाही.

पत्र आलं त्या दिवशी मी कॉलेजात गेले नाही. तुम्हाला काही गोष्टी माहीत असायला हव्यात. माझ्या लग्नात आईनं मला जवळ घेतलं नाही, अक्षता दाराबाहेरून टाकल्या. हिमानी जन्मली तेव्हा बारा दिवस तिला मांडीवर घेतलं नाही. अमरावतीला तिनं बालवाडीत शिकवलं, पण सहलीला मुलं तळ्यावर गेली की ही आजारी पडायची. मी पोहायला शिकले नाही, कारण तिनं शिकू दिलं नाही. हे सगळं तुमच्या दाराच्या चौकटीसाठी.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन की नाही, माहीत नाही.

पत्र आईला वाचून दाखवलं. सकाळी, उन्हात बसवून, सावकाश. ती ऐकत होती. मधे विचारलं, "कुणाचं पत्र?" मी सांगितलं. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे मी पाणी काढलं म्हणून नाही?"

"नाही, आई."

"लाकूड मोडलं?"

"हो."

ती उठली. तोंड धुतलं. स्वयंपाकघरात गेली आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण काढून हातानं फोड घेतली. त्या दिवशी तिचे मोजलेले तीन दिवस चालू होते. उभ्या उभ्या फोड खाल्ली, मग दुसरी खाल्ली, आणि रडायला लागली. मी तिला इतकं मोठ्यानं रडताना कधी ऐकलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही.

मला वाटलं, सुटली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती पुन्हा सात खडे घेऊन बोअरपाशी बसली होती. पत्र पुसलं गेलं होतं, जुनं तेवढं शिल्लक होतं.

तेव्हापासून मी तुमचं पत्र रोज वाचते. रोज ती विचारते, "म्हणजे मी पाणी काढलं म्हणून नाही?" रोज तिला ते पहिल्यांदा कळतं. एखाद्या दिवशी रडते. एखाद्या दिवशी हसते आणि हिमानीला जवळ ओढून मुके घेते. तुमच्याविषयीही रोज वेगळं बोलते. सोमवारी म्हणाली, "त्याला म्हणावं, ये. वाळला असेल बिचारा." मंगळवारी म्हणाली, "माझ्या दारात पाय ठेवू नको म्हणावं." काल नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मी पत्राची झेरॉक्स काढून ठेवली आहे. घड्या फाटायला लागल्यात.

काय करायचं ते मी ठरवावं असं तुम्ही लिहिलंत. ते ओझंही माझ्यावरच का? खांब अजून ताडपत्रीखाली आहेत. तुम्ही आलात तर ती त्या दिवशी काय म्हणेल ते मला सांगता येणार नाही. जे म्हणेल ते ऐकायची तयारी असेल तर या.

आसावरी

—

मूल
२० डिसेंबर २०२४

आसावरी,

नागपूरहून गाडी आहे. सव्वीस जानेवारीच्या आसपास पोचतो. रंधा, करवत, पटाशी बरोबर आणतो. मिस्त्री लावू नको.

मंगळवार असला तरी चालेल.

देवदत्त

—

मूल
११ फेब्रुवारी २०२५

चि. आसावरीस,

सुखरूप पोचलो. तुझ्याकडच्या बारा दिवसांत एक गोष्ट सांगायची राहिली. तुझ्यासमोर तोंडातून निघाली नसती, म्हणून इथं येऊन लिहितोय.

वहिनीनं मला ओळखलं नाही हे तू पाहिलंसच. तू तीनदा सांगितलंस, "आई, हे देवदत्त काकाजी." ती म्हणाली, "मिस्त्रीला चहा दे." तुला वाईट वाटलं, मला दिसलं. मला पहिले दोन दिवस सुटल्यासारखं वाटलं, तेही कबूल करतो. मिस्त्री होऊन राहणं सोपं होतं.

नवव्या दिवशी तू कॉलेजात होतीस, हिमानी शाळेत. धुकं दहा वाजता उठलं. मी शेवटचा खांब पट्टीत बसवत होतो. वहिनी खुर्ची ओढून जवळ बसली. ती बोलते ते मला समजतं. गिरणीत आम्ही सगळे ओठांवरूनच बोलतो, आणि तिचा आवाजही अजून खणखणीत आहे.

म्हणाली, "मिस्त्री, लाकूड बघून घेतलं ना? आत पांढरं नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

"विचारावं लागतं," ती म्हणाली. "आमच्या विहिरीचं लाकूड कच्चं होतं. माझा नवरा गेला त्यात. सगळ्यांनी मला बोल लावला. मीसुद्धा लावला. पण माझ्या दिराचं पत्र आलंय. त्यानं कबूल केलं सगळं. माझं काही चुकलं नव्हतं."

मी पटाशी खाली ठेवली.

आसावरी, त्या दिवशी सकाळी तू पत्र वाचलं नव्हतंस. तुला उशीर झाला होता, तू घाईत निघून गेलीस. हे तिचं तिला आठवलं होतं. म्हणून आधी हे तुला कळवतो. तुझं रोजचं वाचणं वाया गेलेलं नाही.

मी तिच्यासमोर मातीत बसलो. म्हटलं, "वहिनी, मीच देवदत्त."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. कपाळ, कान, हात. मग हसली. खरंच हसली, लग्न होऊन आली तेव्हा हसायची तशी.

"तुम्ही कसे देवदत्त? त्याचे केस काळे आहेत."

तिनं माझ्या खांद्यावरचा भुसा झटकला. म्हणाली, "जिवंत असेल का हो तो?"

"आहे."

"मग येत का नाही?"

"लाज वाटते त्याला."

ती कोंबड्यांकडे बघत राहिली. व्हरांड्याचं दार उघडं होतं, त्या एकेक करून नव्या आवारात शिरत होत्या. तिनं त्या मोजल्या. मग माझ्याकडे वाकली, आणि दुसरं कोणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, "तो आला की त्याला काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलंय."

"काय?" मी विचारलं. "मला सांगा. मी निरोप देतो."

"तुम्हाला कशाला?" ती म्हणाली. "ते त्यालाच सांगीन."

त्यानंतर मी आणखी तीन दिवस राहिलो. रोज सकाळी तिच्यासमोर जाऊन उभा राहायचो. रोज तिनं मला मिस्त्रीच म्हटलं.

काल शेतावर आईच्या तिथीला सगळी भावकी जमली होती. विहिरीवर काय झालं ते मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. दोघं उठून गेले, बाकीचे बसून राहिले. अपूर्व आज माझ्याशी बोलला नाही. तुझ्या आजीनं वहिनीला जिथं ते विचारलं होतं, तिथंच उभं राहून सांगितलं, एवढंच तुला कळवतो.

होळी झाली की मी पुन्हा येतो. नंतर पुन्हा येईन. तू हो म्हटलंस तर तिथंच जवळपास एक खोली बघीन. माफी मागायला नाही, ती आता मला कोणाकडे मागावी ते कळत नाही. पण एखाद्या सकाळी तिला मी देवदत्त दिसेन, आणि ती जे बोलायचं ते बोलेल. तेव्हा मी समोर असायला हवा.

देवदत्त